पत्र्याच्या घरात रेकॉर्डिंग, आणि तुराट्या मोडून हाडं

मागच्या दिवाळीनंतर आमच्या घरातली मधली खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. परभणी जिल्ह्यात सेलू-मानवतच्या बाजूला कुणालाही विचारा, भाव वाढंल म्हणून कापूस घरात ठेवायचा आणि माणसांनी ओसरीत झोपायचं, असं दोन-तीन महिने चालतंय. त्या खोलीत मी चार्जर शोधायला गेलतो, फोन चालूच होता, आणि बोलता बोलता लक्षात आलं की आपलाच आवाज वेगळा यायलाय. एकदम कोरडा, कानाजवळचा, भिंतीला लागून काहीच परत येईना. त्याच रात्री आबाला, म्हणजे माझ्या चुलत्याला, आत बसवलं आणि एक अभंग रेकॉर्ड केला. साध्या मोबाईलवर. त्याच्या आधी मी बारा हजार घालून माईक आणि इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतलता आणि पत्र्याच्या खोलीत सहा महिने डोकं फोडलतं, त्या सगळ्यापेक्षा हे मोबाईलवालं चांगलं निघालं. लै राग आला, खरं सांगतो.

(अंगाला खाज सुटली ती वेगळी. आणि कापसाच्या खोलीत उदबत्ती, बिडी, जुना एक्स्टेंशन बोर्ड असलं काही नेऊ नका, मोबाईल आणि माणूस एवढंच.)

तर हे सगळं लिहायचं कारण हेच की पोरं मला पहिला प्रश्न विचारतात माईक कोणता घ्यावा, दुसरा विचारतात प्लगिन (आवाज सुधारायचं जोड-सॉफ्टवेअर) कोणतं, आणि खोलीचं कुणीच विचारत नाही. माझा क्रम उलटा आहे. आधी खोली, मग अंतर, मग माईक, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

खोली तपासायला काही लागत नाही. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागं "टिर्रर्र" असं बारीक शेपूट ऐकू आलं तर समजायचं की समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टप्पे खायलाय. पत्र्याच्या घरात हे हमखास, कारण वर पत्रा आणि खाली फरशी. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास लै कमी, वरच्या लाकडांत आवाज फुटून जातो आणि मातीच्या भिंती थोडा पितात, त्यामुळं आजोबांचं पडीक माळवद असंल तर आधी तिथं जाऊन टाळी वाजवून बघा.

पत्र्याच्या खोलीत वाकळा टांगायच्या. पण कुठं टांगायच्या हे महत्त्वाचं. सगळे माईकच्या मागं टांगतात, फोटोत तसंच दिसतंय म्हणून. साधा कार्डिऑइड माईक मागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकतो, आणि त्याच्या समोर कोण असतंय? गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली वाकळ गाणाऱ्याच्या पाठीमागं, दोन पदरी करून, भिंतीपासून वीतभर लांब. दोरीवर टांगली की झालं. दुसरी डोक्यावर, पत्र्याच्या खाली. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका, अंड्याच्या ट्रेनं वरचा बारीक आवाज थोडा इकडं-तिकडं होतो, बाकी खोली तशीच घुमते, आणि थर्माकोलनं तर तेवढंबी होत नाही. खालचा जाड आवाज मात्र वाकळीनं थांबत नाही, १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा हलणारी, एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असती, तिला वाकळ म्हणजे काय. त्याच्यावर उपाय एवढाच की कोपऱ्यात बसू नका आणि बरोबर मधोमधबी बसू नका, जरा तिरकं, भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांशावर बसा.

मग वेळ. दुपारी पत्रा तापतो आणि टणटण वाजतो, संध्याकाळी थंड होताना परत वाजतो, हे तुम्हाला रोजचं असल्यामुळं ऐकू येत नाही पण माईकला येतंय. पिठाची गिरणी, कूलर, ट्रॅक्टर, लग्नसराईतला डीजे. आमच्याकडं रात्री साडेदहा ते दोन हा टाईम सगळ्यात चांगला. फ्रीज बंद करत असाल तर गाडीची चावी फ्रीजमधे ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर फ्रीज चालू करायचा राहणार नाही. एकदा राहिलता, आणि सकाळी दूध नासल्यावर मायनं जे ऐकवलं ते रेकॉर्ड करायला पाहिजे होतं.

आणि लाईट गेली की शिव्या देऊ नका, रेकॉर्डिंग करा. गावातल्या मोटारी, पंखे, टीव्ही सगळं गप. लॅपटॉप बॅटरीवर चालू असला की चार्जरची गुणगुण पण जाती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं वायरिंगचा घोळ असला की रेकॉर्डिंगमधे ५०, १००, १५० असा "हम्म" बसतो. स्वस्तातल्या इन्व्हर्टरचा तर भुंग्यासारखा गूं आवाज येतो, आणि तो मागनं काढायला गेलं की गाणाऱ्याचा आवाजबी खरवडून निघतो. चार्जर काढून बघायचं, अर्थिंग बघायचं, माईकची वायर आणि लाईटची वायर शेजारी शेजारी न्यायची नाही, आणि आडवी न्यावीच लागली तर एकमेकींना काटकोनात न्यायची.

सामानाबद्दल थोडक्यात. दोन चॅनेलचा इंटरफेस, एक डायनॅमिक माईक, एक झाकलेला हेडफोन, बस. शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक १९६६ सालापासून चालत आलाय, पडला आपटला तरी चालतो, आणि तोंडाजवळ धरून वापरत असल्यामुळं खराब खोलीत कंडेन्सरपेक्षा (म्हणजे जास्त बारीक ऐकणाऱ्या माईकपेक्षा) बरा पडतो. पण बाजारात त्याचे नकली लै फिरतात. मला एकानं खरा म्हणून नकली विकला, वजनाला हलका होता तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्या वायरीतनंच जाणारी वीज, लागतो, तो इंटरफेसच्या बटणावर असतो, आणि कंडेन्सर तुमची खोली जशी आहे तशी दाखवतो. म्हणजे वाकळा टांगल्या असतील तरच घ्या. सॉफ्टवेअरला मी रीपर वापरतो, ६० दिवस पूर्ण ट्रायल मिळती. सुरुवातीला ऑडॅसिटी फुकटात आहे, काही बिघडत नाही.

लेव्हल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात जोराचा आवाज मायनस १२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) आसपास जाईल एवढाच गेन, म्हणजे माईकची वाढ, द्या. मीटर लाल व्हायच्या जवळ ठेवायची जुनी सवय टेपच्या काळातली, डिजिटलमधे शून्याच्या वर काहीच नसतंय, तिथं लाट कोयत्यानं वरनं छाटल्यासारखी सपाट होती आणि ती परत जोडता येत नाही. मी हे कुठं शिकलो तर घरच्याच एका लग्नातल्या गोंधळात. साउंड चेकच्या वेळी गोंधळी बुवा संबळावर नुसते हळू काड्या टेकवत होते, मी त्यावरच गेन लावला आणि निवांत जेवायला गेलो. देवीचं आवाहन चालू झालं, संबळ तापला आणि माझे अडीच तास सगळे करपले. तेव्हापासून चेकच्या वेळी सांगतो, "बुवा, जीव तोडून वाजवा, जसं शेवटी वाजवता तसं." आणि त्याच्यावरबी सहा डीबी सोडतो, कारण माणूस खऱ्या कार्यक्रमात चेकपेक्षा जोरातच वाजवतो. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात फाईल छाटली जात नाही, पण माईकच आतून चेंदला तर फ्लोट काय करणार.

अंतर. मोकळ्या जागेत माईकचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डीबीनं खाली येतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. ह्या एका गोष्टीत अर्धं रेकॉर्डिंग आलं. जवळ गेलं की माणूस जास्त आणि खोली कमी, लांब गेलं की उलटं. गाण्याला एक वीत पुरते. त्याच्यापेक्षा जवळ गेलं की कार्डिऑइड माईक खालचा आवाज फुगवतो, निवेदनाला ते छान वाटतं पण अभंगात शब्द चिखलात रुतल्यासारखे होतात. प, फ, भ ह्या अक्षरांचा फुंकर माईकवर बसू नये म्हणून माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, गालाच्या रेषेत, तोंडाकडं वळवून ठेवा. पॉप फिल्टर विकत आणायची गरज नाही, भरतकामाच्या रिंगवर जुनी ओढणी ताणून बसवा.

आता भजनी मंडळ. सात-आठ माणसं आहेत आणि माईक एकच, तर मिक्सिंग, म्हणजे कुणाचा आवाज किती हे जमवणं, माणसं सरकवून करायचं. जुन्या काळी ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर असंच करायचे, गाणारा जवळ आणि मोठं वाद्य लांब. आमचं असं बसलंय: आबा दीड फुटावर, पेटी तीन फुटांवर, पखवाज पाच फुटांवर आणि टाळकरी थेट दाराजवळ, दहा फुटांवर, माईकच्या समोर नाही तर कडेला. टाळकऱ्यांना राग येतो, येऊ द्या. टाळ इतका टोकदार आणि उजळ वाजतो की तो जवळ असला तर मागनं कुठल्याच प्लगिननं खाली येत नाही, कारण तो आबाच्या आवाजातच मिसळून बसलेला असतो. एक कडवं रेकॉर्ड करायचं, हेडफोननं ऐकायचं, पखवाज कमी वाटला तर त्या माणसाला फूटभर पुढं घ्यायचं, परत ऐकायचं. चार वेळा असं केलं की पाचव्याला आपोआप बसतंय. पखवाजाच्या डाव्या बाजूची कणीक रेकॉर्डिंगच्या आधी ताजी लावून घ्या, तासाभरात सुकत गेली की आवाज बदलतो आणि पहिला आणि पाचवा अभंग जोडीनं ऐकल्यावर वाद्य दुसरंच वाटतं.

दोन माईक असले की नवीन भानगड. एकच आवाज दोन्हीकडं पुढं-मागं पोचतो आणि एकत्र केल्यावर मधले काही सूर खाऊन टाकतो, ऐकायला नळीतून आल्यासारखं वाटतं. साधा नियम आहे, एक माईक त्याच्या वाद्यापासून जेवढा लांब, त्याच्या तिप्पट लांब त्या माईकपासून दुसरा माईक ठेवायचा. पखवाजाला दोन्ही बाजूनं माईक लावले तर एका ट्रॅकचं फेज उलटं करून, म्हणजे लाट खालीवर पालटून, बघायचं, ज्यात डावा हात भरलेला येतो ते ठेवायचं.

मिक्सिंगला बसताना पहिला अर्धा तास प्लगिनला हात लावू नका. फक्त फेडर, म्हणजे आवाज वरखाली करायच्या पट्ट्या. मोनो करून (दोन्ही स्पीकरला एकच आवाज), बारीक आवाजात. बारीक आवाजात कामून? कारण आपल्या कानाला कमी आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन संशोधकांनी १९३३ मधेच हे मोजून मांडलंय, आणि जोरात ऐकलं की सगळंच भारी वाटायला लागतं. बारीक आवाजात शब्द कळले तर मिक्स निम्मं झालं.

मग गाण्यावर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथं आबा नसतोच, नुसती पंख्याची घरघर आणि पायाचे धक्के असतात. डबड्यातून आल्यासारखं वाटत असंल तर २५० ते ४०० च्या मधे दोन-तीन डीबी खाली. टाळ टोचत असंल तर ५ ते ८ हजारात शोधा. कॉम्प्रेसरला लोक घाबरतात. त्याचं काम एवढंच की आबा "विठ्ठल" म्हणून वर गेला की त्याला थोडं दाबायचं, म्हणजे खालच्या पट्टीतल्या ओळी वर आणता येतात. रेशो (किती दाबायचं) तीनास एक, अटॅक (किती लवकर दाबायचं) १५-२० मिलिसेकंद, सुई तीन ते सहा डीबी हलली की पुरे. बारा हलली तर आबा दम लागल्यासारखा ऐकू येईल. आणि शेवटी मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण लोक तिथंच ऐकणार. त्या स्पीकरवर २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास येतच नाही, म्हणजे पखवाजाचा डावा हात गायब. त्याच्यावर थोडं सॅच्युरेशन द्यायचं, त्यानं वरचे हार्मोनिक तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

घुमारा पाहिजे असंल तर आपला स्वतःचा बनवा. आमच्या तालुक्यात वालूरला चक्राकार बारव आहे, पायऱ्या गोल फिरत खाली जातात. असली बारव, जुनं देऊळ, रिकामं गोदाम, काहीबी चालतं. गावकऱ्यांना विचारून, सकाळी लवकर जायचं, रेकॉर्डर ठेवायचा, गेन लै कमी करायचा आणि थोड्या अंतरावर फुगा फोडायचा. त्या "फट्" नंतर जे घुमतंय ते सगळं शांत होईपर्यंत श्वास रोखून थांबायचं. पाच-सहा फुगे फोडा, एखाद्यात पारवे उडतातच. सगळ्यात स्वच्छ घुमारा कापून रीपरच्या रीव्हर्बमधे टाकला, त्याचं नाव रीॲव्हर्ब, की आबा थेट त्या जागेत उभा राहून गायलाय असं वाटतंय. टाळीनं जागेचा अंदाजबी येतो: आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरची भिंत तुमची टाळी एक दशांश सेकंदानं परत देणार.

आता शॉर्टफिल्मवाल्यांसाठी, कारण अर्धे फोन त्यांचेच येतात. संवाद वरनं, फ्रेमच्या अगदी काठावरनं घ्या, बूम (माईक टांगायची लांब काठी) नसंल तर बांबूला माईक बांधा. प्रत्येक ठिकाणी शूट संपल्यावर सगळ्यांना गप बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ही शांतता प्रत्येक जागेची वेगळी असती, आणि एडिटमधे दोन वाक्यांच्या मधे भोक पडलं की तीच भरायला लागती. क्लॅप नसला तर हातानं टाळी द्या, चित्रात हात भिडलेला दिसतो आणि लाटेत सुळका दिसतो, दोन्ही जुळवले की झालं. आपल्या हिंदी-मराठीत वर्षानुवर्षं सगळं डबिंगनंच चालायचं, २००१ च्या "लगान"मधे जागेवरचाच आवाज वापरल्यावर मोठ्या निर्मात्यांना पटायला लागलं.

पावलं, कपडे, भांडी हे सगळं नंतर चित्र बघत बघत करायचं. ह्याला फोली म्हणतात, हॉलिवूडमधल्या जॅक फोली ह्या माणसाच्या नावावरनं. तिकडं हाड मोडायला सेलरीची जुडी मोडतात. आपल्याकडं तुरीच्या तुराट्या आहेत की! मी एका मारामारीसाठी पूर्ण दुपार तुराट्या मोडल्यात. एकदम वाळलेली घेतली तर "कट्ट" असा वरचा कोरडा आवाज येतो, तो बोटाला चालतो. अर्धवट ओली घेतली तर आतले तंतू सावकाश तुटतात आणि करकर येती, ती गुडघ्याला. चार-पाच एकत्र ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर मोडल्या तर बरगडी. माईक वीतभर, आणि मोडताना तोंडातून "हं" निघू द्यायचा नाही. माय बाहेर येऊन म्हणली, "कामून मोडायलास रे, चुलीला ठेवल्यात त्या." हाताची चापट पाहिजे तर भाकरी थापतानाचा आवाज घ्या, पडण्याला कडब्याची पेंढी, वाळल्या शेतातल्या पावलांना धसकटं. लेझरसारखा "प्यू" पाहिजे तर ताणलेली लांब तार ठोका. "स्टार वॉर्स" सिनेमाचे आवाज करणाऱ्या बेन बर्टनं रेडिओ टॉवरच्या ताणाची तार हातोडीनं वाजवून तो आवाज केलाय. तारेतून वरचे सूर आधी पोचतात आणि खालचे मागनं, म्हणून तसा घसरल्यासारखा येतो. फक्त विजेच्या खांबाच्या ताणाला हात लावू नका, मांडवाची किंवा कुंपणाची तार बघा. आणि कुंपणाला झटका मशीन जोडलंय का ते आधी विचारा.

गेमचं गणित थोडं वेगळं. सिनेमात पाऊल एकदा वाजतं, गेममधे तेच पाऊल खेळणारा हजार वेळा ऐकतो, म्हणून एकाच मातीवरची सहा-आठ पावलं वेगवेगळी रेकॉर्ड करायची आणि इंजिनला सांगायचं की दरवेळी वेगळं वाजव, पट्टी आणि आवाज थोडा वरखाली करून. गोडो ४ ह्या गेम इंजिनमधे ह्याच्यासाठी ऑडिओस्ट्रीम रँडमायझर तयारच मिळतो, मोठ्या कामाला एफमॉड किंवा वाईज ही गेमच्या आवाजाची सॉफ्टवेअर. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीची मोकळी जागा कापा, नाहीतर बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो. पत्र्यावरच्या पावसासारखा लूप एमपी३ मधे देऊ नका, त्यात सुरुवातीला-शेवटी बारीक रिकामी जागा घुसती आणि दर फेरीला ठेच लागती, वेव्ह किंवा ऑग द्या. शिवाय त्या पावसात एखादा वेगळा थेंब जोरात "टण" वाजला असंल तर तो काढून टाका, दुसऱ्या फेरीत लक्षात येतो आणि तिसऱ्या फेरीपासून खेळणारा त्याचीच वाट बघतो.

शेवटची फाईल यूट्यूबसाठी मायनस १४ एलयूएफएसच्या (कानाला वाटणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास, ट्रू पीक (लाटेचा सगळ्यात उंच सुळका) मायनस १ डीबी. त्याच्यापेक्षा जोरात दिली तर यूट्यूब स्वतःच खाली ओढतं. मंडळाच्या ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वेव्ह फाईली दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आमचा कापूस फेब्रुवारीत गेला, भाव काही वाढला नाही. सहापैकी चार अभंग कापसात झालते, राहिलेले दोन वाकळी टांगून केले. मागनं सहाही अभंगांना त्याच बारवेचा घुमारा दिला, इक्यू (खालवरचे सूर कमी-जास्त करणं) जुळवलं, तरी हेडफोन लावून पाचवा अभंग चालू झाला की आबा जरा लांब जाऊन बसल्यासारखा वाटतो. आबाला विचारलं तर म्हणला, "त्या दिवशी खाज नव्हती म्हणून बरं गायलो." पुढच्या वर्षी सहाच्या सहा दिवाळी झाल्या झाल्या उरकणार आहे.